भांडणातून ठेवलेलं नाव

सोलमी हे नाव नानहीताईनं ठेवलं, पोरगी पोटात असतानाच. ताई तेव्हा प्योंगह्वा बाजारात शिलाईच्या कामाला होती. दिवसभर मशीन चालवून तिचे पाय भोपळ्यासारखे सुजायचे. आह्योनमध्ये माझं केस कापायचं दुकान आहे, जिना चढून वर. संध्याकाळी ती तिथं यायची, रिकाम्या खुर्चीत अंग टाकायची आणि आरशात माझ्याकडे बघत म्हणायची, "सोलमी. ऐकायला कसं वाटतं गं?"

"आणि मुलगा झाला तर?"

"तरी सोलमीच. चिडवतील पोरं, चिडवू देत."

मुलगीच झाली. पण तिच्या नावात तिच्या बापानं काय घुसडलं ते आम्हाला कितीतरी दिवस कळलंच नाही, कारण कानाला ते कळण्यासारखं नव्हतं.

माझे दाजी, शिम चिहून, त्या काळात सेउन मार्केटच्या वरच्या मजल्यावर बसायचे. एवढीशी खोली, त्यात तारा, सुट्या सर्किटच्या पाट्या, जळक्या सोल्डरचा वास. त्यांनी स्वतःच्या हातानं एक यंत्र बनवलं होतं, पडद्यावर आमची लिपी उमटवणारं. आमचं एकेक अक्षर म्हणजे दोन-तीन तुकड्यांची जुळणी असते. डोक्याला व्यंजन, त्याच्या शेजारी नाहीतर खाली स्वर, आणि लागलंच तर तळाला आणखी एखादं व्यंजन. दाजींच्या यंत्रात हे तुकडे साठवलेले असत. कळ दाबत जाल तसं यंत्र तुकडे जोडून अक्षर उभं करी. त्यामुळे कुठलंही अक्षर निघायचं. रोजच्या वापरातलं निघायचं आणि आजवर कुणी लिहिलं नसेल तेही निघायचं. अकरा हजारांच्या वर होतात म्हणे सगळी मिळून.

त्यांच्या कॉलेजातला एक सीनियर होता, प्यो जेउक. दाजी त्याला दादा म्हणायचे. आधी दोघांनी एकत्रच काम केलं, पण मग प्यो सरकारी मंडळात गेला आणि तिथं सगळ्या देशासाठी एकच पद्धत ठरली, ती उलटी. तुकडे नाहीत, जुळणी नाही. अक्षर तयारच साठवायचं आणि प्रत्येकाला एक नंबर द्यायचा. अशी साडेतेवीसशे अक्षरं घेतली, बाकीची वगळली. दाजींच्या यंत्राची मागणी आटली ती तेव्हापासून.

त्यांचं भांडण एका दारूच्या ठेल्यावर झालं. मला ते दोघांनीही वेगवेगळ्या वेळी सांगितलंय, आणि नवल म्हणजे दोघांच्या सांगण्यात शब्दाचाही फरक नव्हता.

प्यो भाजलेली आतडी कात्रीनं कापत होता. म्हणाला, "चिहून, कापड घेऊन शिंप्याकडे जायचे दिवस गेले बाबा. लोक तयार शर्ट घेतात आता. साडेतेवीसशे मापं ठेवली की अख्खा देश कपड्यात मावतो."

"आणि जो नाही मावत तो?"

"कोण नाही मावत? जी अक्षरं गाळली ती ना कुणाच्या नावात आहेत ना वर्तमानपत्रात. एक माणूस आणून दाखव मला. एक! जिवंत, हाडामांसाचा, माझ्या यंत्रात न मावणारा."

दाजींनी ग्लास पालथा ठेवला. "दाखवतो," म्हणाले.

त्याच महिन्यात ताई बाळंत झाली. ती घरी निजून बाळंतिणीला देतात ते समुद्री शेवाळाचं सूप पीत होती आणि दाजी नावाची नोंद करायला कचेरीत गेले. तिथं तेव्हा सगळं हातानंच लिहायचे, त्यामुळे कुणी अडवलं नाही.

ताईला कळलं ते लशीच्या कार्डावरून. मी तिथंच होते, बाळाचे लंगोट वाळत घालत होते.

"अहो, हे बघा ना," ती म्हणाली. "कारकुनानं चुकवलंय. 'मी'च्या खाली आडवी रेघ मारून ठेवलीये."

आमचा 'म' म्हणजे चौकोन. त्याच्या शेजारी उभी रेघ दिली की झाला 'मी'. चौकोनाच्या खाली आणखी एक आडवी रेघ दिली तर तो वेगळा स्वर; 'म'ला तो आता कुणी लावत नाही, जुन्या लिहिण्यात लावायचे. बोलताना दोन्ही सारखेच. ऱ्हस्व लिहा नाहीतर दीर्घ लिहा, बाजारात भाव विचारताना काही फरक पडतो का, तसंच ते.

दाजी वर्तमानपत्र वाचत होते. त्यातून डोकं न काढता म्हणाले, "चूक नाही ती."

"म्हणजे?"

"मीच लिहिलंय तसं. तुझंच नाव आहे की. तू हाक मारशील तेव्हा सोलमीच म्हणशील. तुझं काय गेलं?"

ताईनं कार्ड पुन्हा उजेडात धरून पाहिलं. मग तिनं विचारलं, "कशासाठी पण?"

"ते अक्षर त्यांच्या यंत्रात नाही," दाजी म्हणाले, आणि ते इतके खुशीत होते की ताईनं पुढं काही विचारलंच नाही. त्या वर्षी घरात कुणी खुशीत असणं ही मोठी गोष्ट होती.

रीतीप्रमाणे बाळाच्या शंभराव्या दिवसाचं जेवण झालं तेव्हा दाजींनी प्योला बोलावलं. तांदळाच्या पांढऱ्या वड्या वाफवल्या होत्या, मी मासे तळले होते, शेजारपाजारचे आले होते. प्यो चांदीचा चमचा घेऊन आला. सगळ्यांची जेवणं झाल्यावर दाजींनी मंडळाच्या पद्धतीचं एक यंत्र बाहेर काढून मधोमध ठेवलं. कुणाकडून तरी मागून आणलं होतं.

"दादा, पुतणीला आशीर्वाद द्या. तिचं नाव टाइप करा यावर."

प्यो हसत बसला. आधी आडनाव, शिम, उमटलं. सोल उमटलं. पुढे त्यानं कळा दाबल्या, पुन्हा दाबल्या. पडद्यावर एक रिकामा चौकोन आला आणि तसाच राहिला. दाजींनी नोंदीचा कागद त्याच्यासमोर धरला.

"ही घ्या तुमची हाडामांसाची. मोजून घ्या बोटं. वीसच्या वीस आहेत."

दाजी हसत सुटले. शेजाऱ्यांना काही कळलं नाही, पण यजमान हसतोय म्हणून तेही हसले. प्यो हसला नाही. तो ताईच्या मांडीवरच्या बाळाकडे बघत होता. बूट घालताना दारात तो एकच वाक्य बोलला, आणि ते दाजींना नाही, ताईला.

"वहिनी, हरलो असेन मी. पण मार हिला बसणार."

ताईनं तो चांदीचा चमचा नंतर कधी वापरला नाही.

पोरगी शाळेत गेली तोवर शाळांत संगणक आले होते. पहिल्याच दिवशी वर्गशिक्षकांनी छापील कागदावरून हजेरी घेतली. "शिम सोल…" म्हणून थांबले आणि कागद डोळ्यांजवळ नेला. "हे काय? शिम सोल-चौकोन?"

पोरं खिदळली. शिक्षकांना वाटलं आपण मोठा विनोद केला, म्हणून ते दुसऱ्या दिवशीही तसंच म्हणाले. मग काय, झालंच तिचं नाव. चौकोन. "ए चौकोन, उघड बघू, आत काय आहे?" "आत काही नाही रे, रिकामी आहे ती!" खेळांच्या दिवशी मी डबा घेऊन शाळेत गेले तर मैदानाच्या कडेला पाच-सहा पोरांनी नूडल्सचं मोठं खोकं तिच्या डोक्यावरून घातलं होतं आणि वरून हातांनी थापट्या मारत होते. ती आत उभी. ओरडत नव्हती, खोकं काढायचा प्रयत्नही करत नव्हती. मी जाऊन खोकं उचललं तर म्हणाली, "मावशी, राहू दे. काढलं की परत घालतात."

मी तडक दाजींकडे गेले. ते तेव्हा योंगसानमध्ये प्रिंटर दुरुस्त करायचे. घर ताईच्या मशीनवरच चालायचं.

"दाजी, शाळा म्हणते साधं 'मी' लिहून देतो. लिहू द्या ना. घरात काय वाटेल ते लिहा."

"शाळेनं छापलेला कागद आणलास?" त्यांनी विचारलं. "त्यावर चौकोन आलाय ना? नीट दिसतोय?"

"मी खोक्याबद्दल बोलतेय, दाजी."

"खोकं राहू दे. कागद आण."

त्यांनी एका वार्ताहराला गाठलं. कोण जाणे किती दिवस त्याच्या मागे लागले होते. पोरगी दुसरीत होती. वार्ताहर आणि छायाचित्रकार घरी आले, ताईनं फळं कापली. सोलमीला प्रगतिपुस्तक छातीशी धरून भिंतीपाशी उभं केलं. नवीन लोक, एवढा मोठा कॅमेरा, तिला गंमत वाटत होती. ती हसायला लागली. पुढचे दोन दात पडलेले, फार गोड दिसत होती.

"हसू नकोस," दाजी म्हणाले. "नाव नाही तुला. नाव नसलेलं माणूस हसतं का?"

ती ओठ मिटून उभी राहिली, पण डोळे हसतच होते. छायाचित्रकार म्हणाला, असू द्या, चालेल. दाजींना चालणार नव्हतं. ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि अगदी मायेनं विचारलं, "दुबू कुठं गेला, ठाऊक आहे?"

दुबू तिचं मांजर. पांढरंशुभ्र. आठवड्यापूर्वी दिसेनासं झालं होतं. तो बाजारापलीकडच्या मासेवाल्याकडे राहायला गेला, खूप मासे खातो, असं ताईनं तिला सांगितलं होतं.

"मासे खातोय," ती म्हणाली.

"नाही. ट्रकखाली गेला. मी पाहिला ना. चपटा झाला होता."

पोरीचं तोंड वेडंवाकडं झालं. आवाज आधी फुटेचना, मग फुटला. दाजी पटकन बाजूला सरले आणि छायाचित्रकाराला म्हणाले, "घ्या."

त्यानं घेतला. फोटो छापून आला, चांगला मोठा. दाजींनी ते वर्तमानपत्र गठ्ठ्यानं आणलं आणि गल्लीत वाटलं. ताईनं त्या दिवशी चूल पेटवली नाही, पण बोलली काही नाही. माझी बहीण न बोलण्यात पटाईत होती. मी तिला म्हटलं, "अगं, घे पोरीला आणि ये माझ्याकडे." म्हणाली, "पुरुषाला आयुष्यभर टोचणारा पराभव एकच असतो. तेवढं भांडण तरी त्याला जिंकू दे."

आणि ते जिंकले की! एक-दोन वर्षांतच नवे संगणक आले, त्यांत सगळीच्या सगळी अक्षरं होती. अकरा हजारांच्या वर, एकही न गाळता. दाजींनी ताईचा शिलाईतून भिशीत साठवलेला पैसा उचलून एक आणला. आम्हा सगळ्यांना समोर बसवलं आणि तीन अक्षरं टाइप केली. आलं नाव. चौकोन, आडवी रेघ, उभी रेघ, सगळं जिथल्या तिथं.

"बघ! बघ सोलमी! कोण बरोबर होतं?"

"तुम्ही, बाबा," ती म्हणाली. ती आता बापाला हवं ते बोलायला शिकली होती.

त्यांनी त्या वार्ताहराला फोन केला. तो म्हणाला, आता त्यात बातमी काय राहिली? त्यांनी प्योला फोन केला. प्यो तोवर प्राध्यापक झाला होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "छान झालं. मी नेहमीच म्हणत होतो, शेवटी सगळी अक्षरं यायलाच हवीत." दाजींनी रिसीव्हर ठेवला आणि दिवसभर तिथंच बसून राहिले. भांडायला समोर कुणी नसलं की माणसाचं काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

पण भांडण संपवायचं नव्हतंच त्यांना. आणि यंत्रांनीही त्यांना संपवू दिलं नाही. नवे संगणक आले तरी ठिकठिकाणी आत जुनंच पोट होतं, साडेतेवीसशे अक्षरांचं. बँकेच्या पासबुकावर चौकोन. दवाखान्यात चौकोन. वाचनालयाच्या कार्डावर तर नावाचं शेवटचं अक्षरच गायब, नुसती 'शिम सोल'. दाजी पोरीला बरोबर घेऊन प्रत्येक खिडकीपाशी जायचे आणि आवाज चढवायचे. "अक्षर आहे आता! तुम्ही आळशी आहात!" मागे रांग. लोक कुरकुर करायचे. ती बुटांकडे बघत उभी. चौदा-पंधरा वर्षांची, अंगानं उंच, आणि बापाच्या मागे अशी वाकून उभी राहायची की जणू पाठीवर पोतं आहे.

हायस्कूलमध्ये त्यांना जुनी भाषा शिकवायला एक बाई होत्या. त्यांनी फळ्यावर एक जुनं क्रियापद लिहिलं आणि त्याचं पहिलंच अक्षर तिचं अक्षर होतं. सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला. बाईंनी अर्थ सांगितला: द्वेष करणं, नकोसं वाटणं. त्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते.

"बाबा," ती म्हणाली, "माझं अक्षर जुन्या भाषेत आहे. द्वेष करणं असा अर्थ होतो त्याचा. तुम्हाला माहीत होतं?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस शरमेल. दाजींचे डोळे लकाकले. हातातल्या जेवायच्या काड्या त्यांनी ताटावर आपटल्या.

"म्हणजे शब्द होता! प्यो म्हणत होता शब्दच नाही! कुठल्या पुस्तकात आहे? लिहून दे मला, पान नंबर घालून."

सोलमीनं आपलं ताट बाजूला सरकवलं. मग तिनं कागद घेतला आणि खरंच लिहून दिलं.

तिला नर्स व्हायचं होतं. अभ्यासाला बसली की उठायची नाही. एका चांगल्या कॉलेजात तिचा नंबर लागला. प्रवेशाचा अर्ज संगणकावरूनच भरायचा होता आणि त्यानं ते अक्षर घेतलंच नाही, कळ दाबली की लाल सूचना यायची. म्हणून तिनं साधं 'मी' भरलं. दुसरं काय करणार? कागद तपासायला बोलावलं तेव्हा दाखल्यावर एक अक्षर आणि अर्जावर दुसरं. तिथला माणूस बरा होता. म्हणाला, रोज येतात अशी प्रकरणं, घाबरू नकोस. दोन्ही नावं एकाच मुलीची आहेत असं लिहून त्याखाली सहीच्या जागी पालकांपैकी कुणाचाही शिक्का आण, उद्या दुपारपर्यंत, म्हणजे झालं.

ती धावतच घरी आली. मला फोन करून बोलावलं. तिला अंदाज होता.

कागद तिनं स्वतः लिहून आणला होता. दाजींनी वाचला आणि तिच्याकडे परत सरकवला.

"हे मी देणार नाही."

"बाबा, एक शिक्का."

"दोन्ही नावं एकच आहेत, असं मी लिहून देऊ? मी? अठरा वर्षं मी काय सांगतोय लोकांना? दोन्ही एकच असती तर प्यो बरोबर ठरतो."

"प्यो काका कुठं आहेत इथं? इथं मी आहे."

"मी येतो उद्या कॉलेजात. त्यांच्या यंत्राला घ्यायला लावतो तुझं नाव."

"नका येऊ," ती म्हणाली. "पाया पडते. येऊ नका."

मी बोलले. खूप बोलले. नको ते बोलले. दाजींनी मला सांगितलं, मेहुणीबाई, तुम्ही केस कापा.

मग सोलमीनं आईकडे पाहिलं. "आई, कुणाचाही चालतो म्हणालेत. तुझा चालतो."

ताईचा शिक्का कपाटाच्या खणात असायचा, कापडी पिशवीत. ती उठली, खण उघडला, शिक्का काढला, टोपण काढून लाल शाईच्या डबीवर टेकवलाही. कागद समोर होता. तेवढ्यात दाजी म्हणाले, "नानही." एवढंच. आवाजही चढवला नाही.

माझ्या बहिणीनं दोघांकडे पाहिलं. आणि शिक्क्याची शाई एप्रनला पुसली, टोपण लावलं, पिशवीत घातला, खण लोटला.

सोलमी रडली नाही. कागदाची घडी घालून तिनं खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी दाजी कॉलेजात गेलेच. तिथं त्यांनी त्या बऱ्या माणसाला गाढव म्हटलं, त्याच्या टेबलावर मूठ आपटली. त्यानं फाईल मिटली आणि सोलमीच्या जागी प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीला आत बोलावलं.

पुढची दोन वर्षं सोलमी साबण-पावडरीच्या दुकानात उभी राहून कामाला होती. घरी वेळेवर यायची, भांडी घासायची, बापानं विचारलं तर उत्तर द्यायची. ताई म्हणायची, बघ, शांत झाली पोरगी. मला त्या शांतपणाची भीती वाटायची.

वीस पुरी होऊन सज्ञान झाली त्या आठवड्यात तिनं कोर्टात अर्ज केला. नाव बदलण्यासाठी. घरी कुणालाच सांगितलं नाही. नवं नाव काय घ्यायचं हे ठरवायला ती कुणाकडे गेली असेल? प्योकडे. हे तिनं मला नंतर सांगितलं, केस बारीक कापून घ्यायला आली होती तेव्हा.

प्यो निवृत्त झाला होता, बुंदांगला मोठ्या फ्लॅटमध्ये राहायचा. त्यानं आधी तिला ओळखलंच नाही. ओळखल्यावर उठून उभा राहिला.

"मला नाव द्या," ती म्हणाली. "तुमच्या साडेतेवीसशेतलं."

"पोरी, तुझ्या बापाला कळलं तर—"

"कळावं म्हणूनच आले."

म्हाताऱ्यानं चहाचा कप बाजूला सरकवला. म्हणाला, हे पाप माझ्या माथी नको. ती म्हणाली, "काका, माझ्या शंभराव्या दिवशी मार हिला बसणार म्हणालात म्हणे. बसला. आता निदान मलम तरी द्या." शेवटी त्यानं दिलं. त्याच्या तक्त्यातलं सगळ्यात पहिलं अक्षर 'गा', ते त्यानं आधी घेतलं. गायोन.

"तुला आवडलं?" मी आरशातून विचारलं.

"आवडायचा काय संबंध मावशी? लागू पडेल."

कोर्टाची परवानगी आली, नवं ओळखपत्र आलं, त्या रविवारी तिनं मला जेवायला थांब म्हणून सांगितलं. ताईनं बांगडा शिजवला होता मुळा घालून. सगळ्यांना भात वाढून झाल्यावर तिनं ओळखपत्र बापाच्या वाटीशेजारी ठेवलं.

दाजींनी चष्मा लावून वाचलं. "ही कोण?"

"मी."

ताईच्या हातातला डाव खाली आला.

"कुणी ठेवलं हे?" दाजींनी विचारलं. 

"प्यो काकांनी. त्यांच्याकडे जाऊन मागून आणलं. यंत्रात टाकून दाखवलं त्यांनी. एका फटक्यात येतं."

मी दाजींना आयुष्यभर रागावलेले पाहिले, ओरडताना पाहिले. त्या दिवशी ते मासा खायला लागले. काटे वेगळे करत होते, पण काटे परत भातात पडत होते. मग म्हणाले, "माझ्या घरात शिम गायोन नावाची कुणी राहत नाही."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "सामान सकाळीच नेऊन ठेवलंय."

आणि खरंच, उठली, ताट विसळून ठेवलं, बूट घातले, गेली. दाजी तिच्या मागे जिन्यापर्यंत गेले. मला वाटलं हाक मारतील. पण कुठल्या नावानं मारणार? दोन मजले ती उतरली तोवर ते तोंड उघडं ठेवून कठड्याला धरून उभे होते.

ती इंचॉनला गेली. रात्रीच्या वर्गांना जाऊन दातांच्या दवाखान्यात मदतनीस झाली. दाजींना पुढं झटका आला, उजवी बाजू गेली. ते खिडकीशी बसून असतात. ती बापाला भेटायला कधी आली नाही, पण आईला बाहेर भेटायची. ताईनं नवं नाव पाठ करायला माझ्या दुकानात येऊन सराव केला. खरंच सांगते. गिऱ्हाईक नसलं की ती खुर्चीत बसायची आणि पुटपुटायची, गायोन, गायोन. तिच्या तोंडात ते बसायचंच नाही. बोलता बोलता सोलमी निघायचं, आणि सोलमी निघालं की पोरगी फोन ठेवून द्यायची. चिडून नाही. नुसता ठेवून द्यायची.

ताईची साठी झाली तेव्हा मीच मध्ये पडून जेवण ठरवलं, माझ्याच घरी, म्हणजे बापाशी गाठ नको. गायोन केक घेऊन आली, आईसाठी लोकरीचा कोट आणला, स्वतः तिला घातला, बटणं लावली. हसत होती. तीसएक वर्षांची, बापासारखी उंच. आम्ही जुन्या गोष्टी काढत होतो. ताई सूप गरम करायला आत गेली आणि तिथूनच, अगदी सहज, तिनं हाक मारली, "सोलमी, चमचे घे गं तेवढे!"

गायोन उठली. मला वाटलं चमचे घ्यायला उठली. तिनं पर्स घेतली.

मी जिन्यात तिला गाठलं. "अगं साठी आहे तिची! चुकून गेलं तोंडातून. आणि ते नाव तर बिचारीनं तुझ्या बापाच्या आधी ठेवलं होतं, पोटात असताना. त्या नावात तुझ्या बापाचं काही नाही."

"ठाऊक आहे मावशी. नाव चांगलं होतं," ती म्हणाली. गळ्याभोवती मफलर गुंडाळत होती. "पण शिक्का तिच्या हातात होता."

आणि उतरून गेली.

मी वर आले तर ताई नवा कोट अंगात तसाच ठेवून टेबलापाशी उभी. तीन वाट्यांत सूप वाढलेलं. तिसरी वाटी तिनं परत पातेल्यात ओतली आणि म्हणाली, "बस, गार होतंय."

आता ती लेकीला नावानं हाकच मारत नाही. माझ्या दुकानात येऊन फोन लावते, पलीकडून उचलला की म्हणते, "अगं, मी आई." तेवढ्यावर पोरगी बोलते. जेवलीस का, पाय दुखतात का, औषध घेतलंस का. ताईही "हो गं, नाही गं" करत राहते. फोन ठेवल्यावर तो मांडीवर तसाच धरून बसते, आणि मग उठून दाजींना भरवायला घरी जाते.